हर्सूल : काळी, पांढरी आणि पाणी

दख्खनचे खेडे म्हणजे जगापासून तुटलेले, आपल्यापुरते पाहणारे आणि राज्ये बदलली तरी न बदलणारे एक लहानसे गणराज्य, ही कल्पना १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफ याने मांडली आणि पुढे ती इतकी रूढ झाली की तिची शहानिशा करण्याची गरजही फारशी कोणास वाटली नाही. दूरच्या मलाया द्वीपकल्पातील ‘कांपुंग’ म्हणजे खेडे, त्याविषयीही अशीच समजूत होती. परंतु रेमंड फर्थ याने केलांतान किनाऱ्यावरील कोळ्यांच्या वस्तीचा अभ्यास करून १९४६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा वरवर एकाकी दिसणारी ती वस्ती कर्ज, व्यापारी आणि बाजार यांच्याशी किती घट्ट बांधलेली होती हे उघड झाले. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने (१९१५) खेड्याचे अंतरंग त्याआधीच दाखविले होते. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या वाटेवर वसलेले हर्सूल हे गाव या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. ते राजधानीच्या इतके जवळ होते की त्याला एकाकी म्हणता येत नाही. आणि तरीही राजधानीच्या सुखसोयींपासून ते फार दूर राहिले.

गावाच्या नावाची उपपत्ती लोक हरसिद्धी देवीशी जोडतात. देवीचे देऊळ गावात आहे, नवरात्रात तेथे यात्रा भरते, आणि नावातील ‘हर’ हा अंश दोहोंत समान आहे, एवढ्यावर ही उपपत्ती उभी आहे. परंतु नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराकडे दुसरे हर्सूल आहे, येवल्याजवळ अंदरसूल आहे. तेव्हा ‘सूल’ हे ग्रामनामांतील एक जुने अंत्यपद असावे आणि देवीशी असलेला संबंध मागाहून सुचलेला असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शहरी माणसाच्या तोंडी मात्र आज या नावाचा अर्थ निराळाच झाला आहे. पुण्यात ‘येरवडा’ म्हटल्यावर जे मनात येते तेच येथे ‘हर्सूल’ म्हटल्यावर येते. कारण मध्यवर्ती कारागृह याच गावी आहे.

मराठी खेडे स्वतःकडे दोन रंगांनी पाहते. ज्या मातीवर घरे उभी आहेत ती ‘पांढरी’ आणि जी पिकते ती ‘काळी’. या दोन शब्दांच्या भोवती जो शब्दसंग्रह आहे तो बहुतांशी देशी आहे : तिफण, पाभर, वखर, कुळव, पेरणी, कोळपणी, मळणी, मृग, आर्द्रा, हस्त. पाण्याच्या बाबतीतही तसेच. ‘आड’ हा शब्द संस्कृत ‘अवट’पासून प्राकृतातून आला आहे. मोटेचा जाड दोर तो नाडा, सोंडेचा बारीक दोर तो सोंदूर, बैल ज्या उतारावरून जातात ती धाव, पाणी ज्यात पडते ते थारोळे. या यंत्राच्या एकाही अवयवाला सरकारदरबारी नाव नाही. परंतु हीच जमीन कागदावर गेली की ती ‘जिरायत’ किंवा ‘बागायत’ होते, कसणारा ‘रयत’ होतो, वर्ष ‘फसली’ होते आणि बैलासाठी मिळालेले कर्ज ‘तगाई’. हे सर्व शब्द अरबी-फारसी होत. कोरडवाहू हा देशी शब्द बोलण्यात टिकला. नोंद मात्र जिरायत अशीच झाली. काम गावाचे आणि हिशेब दुसऱ्याचा, ही गोष्ट एवढ्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा पुरावा क्वचितच सापडेल.

हा हिशेब या भागात पक्का झाला तो मलिक अंबरच्या काळी. त्याने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे त्याने प्रथम पिकाचा दोनपंचमांश भाग धान्यरूपाने आणि काही हंगामांच्या अनुभवानंतर सुमारे एकतृतीयांश भाग रोखीने ठरविला. पुढे औरंगजेबाच्या दख्खनच्या सुभेदारीत मुर्शिद कुली खान या दिवाणाने १६५२ नंतर जी व्यवस्था लावली तीत पावसावरच्या पिकाचा निम्मा भाग सरकारचा, तर विहिरीच्या पाण्यावरील धान्याचा एकतृतीयांश. विहीर खणणाऱ्याच्या श्रमाचे मोल राज्यकर्त्याला कळत होते, एवढे यावरून म्हणता येईल. बांधबंदिस्तीसाठी त्याने तगाईही दिली.

पण पाण्याची जी मोठी योजना झाली ती गावासाठी नव्हती. हर्सूलच्या वरच्या अंगास, खाम नदीच्या खोऱ्यात, डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालील दगडी बोगद्यात अडवून ते खडकीस नेण्यात आले; तीच नहर-ए-अंबरी. उताराचा आणि दाबाचा हिशेब करून, मधूनमधून उंच मनोरे उभारून शहराच्या हौदांपर्यंत पाणी चढविणारी ही रचना स्थापत्याचा उत्तम नमुना होय. अठराव्या शतकात पाणचक्कीस पाणी पुरविणारी नहरही जटवाड्याच्या बाजूने, हर्सूलच्या ओढ्याच्याच परिसरातून निघाली. इतिहासग्रंथ या नहरींची वाखाणणी करतात आणि ती योग्यच आहे. मात्र ज्यांच्या शिवाराखालून पाणी गेले ते शेतकरी मोटच ओढत राहिले, ही गोष्ट त्या वर्णनात येत नाही. ‘नहर’ हा शब्द शहराच्या बोलीत घरोघरी रुळला. शेतकऱ्याच्या पाण्याच्या शब्दांत त्याला जागा मिळाली नाही. मोगल काळात गावास तट आला, वाटसरूंसाठी सराई आली. रस्त्यावरच्या गावाला मिळणारा हा मान, त्याबरोबर येणाऱ्या जाचासकट.

तो जाच भाषेत कसा उमटला आहे हे पाहण्यासारखे आहे. मराठीत काही जोडशब्द असे आहेत की त्यांतील एक पद देशी आणि दुसरे फारसी-अरबी, अर्थ मात्र एकच : बाजारहाट, कागदपत्र, रीतरिवाज, वेठबिगार. जेथे गाव आणि अंमलदार समोरासमोर उभे राहिले तेथे दोघांनाही कळेल असा हा दुहेरी शब्द घडला असावा. ‘वेठ’ म्हणजे संस्कृत ‘विष्टि’, ‘बिगार’ फारसी. वेठ मोगलांनी आणली नाही, ती आधीपासून होती. राज्य बदलले तेव्हा तिला दुसरे नाव जोडले गेले एवढेच. शिवाजी महाराजांच्या काळी झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, परंतु मोगलांकडून निजामाकडे गेलेल्या या मुलखापर्यंत तो प्रयत्न पोचण्याचे कारणच नव्हते.

वेठीचा सर्वांत मोठा भार महारांवर पडे. वेशीची राखण, सरकारी टपाल, आलेल्या अंमलदाराचे ओझे, मेलेले जनावर ओढणे, ही कामे त्यांची. मोबदला बलुत्याचा आणि वतनाच्या तुटपुंज्या जमिनीचा. गावाच्या विहिरीवर मात्र त्यांना पाय ठेवता येत नसे. शहर गावाचे पाणी नेते अशी तक्रार करताना, गावाने आपल्याच माणसांना त्या पाण्यापासून दूर ठेवले हे विसरून चालणार नाही. ‘स्वयंपूर्ण’ हे विशेषण ज्यांना सुचले त्यांनी हा आड पाहिला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. मराठवाड्यातील खेड्यांतून आलेल्या अशा मुलांना या व्यवस्थेबाहेरची पहिली वाट तेथे मिळाली.

१७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादेस गेली आणि शहर ओस पडू लागले. सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. गावात पोलीस पाटील, मालीपाटील आणि पटवारी असे तीन अधिकारी दिसू लागले. ‘मालीपाटील’ या शब्दातील ‘माली’चा फुलमाळ्याशी संबंध नाही, तो ‘माल’ म्हणजे महसूल यावरून आलेला आहे. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. गावचा पटवारी आपली वही मोडीत लिही. तहसिलीत आणि न्यायालयात तोच मजकूर उर्दूत जाई. आणि ज्याच्या जमिनीविषयी तो असे त्याला दोन्ही लिप्या वाचता येत नसत. फसली सनात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, हा साधा हिशेबही त्याला दुसऱ्याकडून करून घ्यावा लागे. अशा स्थितीत १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हा सावकाराच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्याने काय लिहून दिले हे त्याचे त्यालाही ठाऊक नसणे स्वाभाविक होते. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये हैदराबाद संस्थानातील खेड्यांची आर्थिक पाहणी केली. तीतून शेतकऱ्याचे कर्जबाजारीपण प्रथमच पद्धतशीरपणे पुढे आले.

सप्टेंबर १९४८ नंतरचे बदल वेगाने झाले. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर कारभार मराठीत येऊ लागला, आणि पुढे पटवाऱ्याच्या जागी तलाठी आला. पाण्याची दिशा मात्र तीच राहिली. १९५४ मध्ये हर्सूलला तलाव झाला, तो शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी. जायकवाडीचे पाणी आल्यावर या तलावाचे महत्त्व कमी झाले, तरी जुन्या शहराच्या काही भागांस तो अजून उपयोगी पडतो. १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि हर्सूल हे खेडे राहिले नाही. त्याची पांढरी शहरात मिसळली.

मोट गेली तसे नाडा, सोंदूर आणि थारोळे हे शब्दही गेले. त्यांच्या जागी मोटार, पाइप आणि बोअर आले. सातबाऱ्यावर जिरायत आणि बागायत हे रकाने अद्याप आहेत. शहरालगतच्या शिवारात मात्र जमिनीविषयी बोलताना पहिला प्रश्न विचारला जातो तो ती काळी आहे की मुरमाड, असा नसून ती एनए झाली आहे की नाही, असा असतो.