यशयाच्या मोठ्या गुंडाळीचे लेखक किती?

मृत समुद्राकाठी कुमरान येथील गुहेत १९४७ साली जी हिब्रू हस्तलिखिते प्रथम सापडली, त्यांत यशयाच्या ग्रंथाची मोठी गुंडाळी सर्वांत प्रसिद्ध होय. चामड्याचे १७ तुकडे शिवून केलेली ही गुंडाळी सुमारे ७.३ मीटर लांब असून तीत लेखनाचे ५४ स्तंभ आहेत. तिचा काळ सामान्यतः इ. स. पूर्व दुसरे शतक मानतात. आपल्याकडील पोथ्यांच्या अखेरीस लेखकाचे नाव, शक व तिथी पुष्कळदा मिळते. येथे तशी पुष्पिका नसल्यामुळे अभ्यासकाची सारी भिस्त अक्षराच्या वळणावर राहते.

नेमके तेथेच घोडे पेंड खात होते. २७व्या स्तंभाच्या शेवटी तीन ओळींची जागा कोरी आहे आणि पुढील मजकूर नव्या चामड्यावर सुरू होतो. येथे लेखक बदलला असावा, असा तर्क काही विद्वानांनी पूर्वीच केला होता. परंतु दोन्हीकडचे अक्षर इतके सारखे आहे की, अनेकांना लेखक एकच वाटे.

नेदरलंडमधील ग्रोनिंगन विद्यापीठाचे म्लादेन पोपोविच, मारूफ ढाली व लांबर्ट स्कोमाकर ह्यांनी संगणकाच्या साहाय्याने या प्रश्नाचा शोध घेऊन २०२१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रथम छायाचित्रांतील शाई चामड्याच्या डागांपासून व भेगांपासून वेगळी करावी लागली. हे काम वरवर पाहता क्षुल्लक वाटेल; पण हात ओळखावयाचा तर रेघ मूळ लेखणीचीच हवी, म्हणून पुढील सर्व इमारत त्यावरच उभी आहे. नंतर रेघांची वळणे व अक्षरांचे आकार मोजण्यात आले. एकट्या ‘आलेफ’ या अक्षराची पाच हजारांहून अधिक उदाहरणे गुंडाळीत आहेत. ती सर्व नुसत्या डोळ्यांनी परस्परांशी ताडून पाहणे मनुष्यास शक्य नाही. या मोजणीत स्तंभांचे दोन गट पडले, आणि विभागणी झाली ती २७व्या स्तंभाच्याच आसपास. उत्तरार्धातील अक्षरांत विविधताही अधिक आढळली.

हात थकल्यामुळे किंवा लेखणी बदलल्यामुळे असे झाले नसेल काय? थकव्याने पडणारा फरक हळूहळू वाढत गेला असता. आणि लेखणी तर २७ स्तंभांत कितीदा तरी तासावी लागली असेल. एकाच लेखकाने दीर्घ खंडानंतर अपुरे काम पुन्हा हाती घेतले, ही शंका मात्र मोजमापाने सर्वस्वी फिटत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तथापि दोन लेखक मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मग त्यांचे अक्षर इतके सारखे कसे, हा पुढला प्रश्न. दोघेही एकाच परंपरेत, कदाचित एकाच गुरूच्या हाताखाली, लेखन शिकले असावेत.