आवाज लाकडात नसेल तर? मॉडेलिंग गिटार आणि दुरुस्तीचा इतिहास

वाद्यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा ती कोणी घडवली आणि कोणी गाजवली, एवढंच सांगतो. ती बिघडल्यावर कोणी उघडली, काय पाहिलं, कशानं जोडली, हे राहून जातं. आज तोच राहिलेला भाग घेऊ. विषय आहे डिजिटल मॉडेलिंग गिटार. ही अशी इलेक्ट्रिक गिटार, जिच्या पोटात छोटा संगणक असतो आणि एक खटका फिरवला की ती वेगळ्याच गिटारीच्या आवाजात बोलू लागते. आमचा मुद्दा असा, की या गिटारीनं वाद्याचा आवाज आणि वाद्याचं शरीर यांची फारकत केली, आणि त्याबरोबर ‘हे वाद्य माझं आहे’ या वाक्याचा अर्थही बदलला.

आधी जुनी इलेक्ट्रिक गिटार पाहू. १९३२ साली अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांची ‘फ्राइंग पॅन’ बाजारात आली. तत्त्व सोपं होतं. लोहचुंबकाजवळ पोलादी तार हलली, की त्याच्याभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात क्षीण वीज निर्माण होते. ती मोठी करून स्पीकरला द्यायची. चुंबक आणि वेटोळं मिळून झाला पिकअप. आजही बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी याच तत्त्वावर चालतात.

पुढचा माणूस लिओ फेंडर. हे गिटारवादक नव्हते बरं का. १९३८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. वस्तू उघडायला सोपी असावी, हे दुरुस्ती करणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. त्यांची १९५० ची गिटार पुढच्याच वर्षी ‘टेलिकास्टर’ नावानं ओळखली जाऊ लागली. तिची दांडी सरसानं चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी बसवलेली होती. दांडी वाकली तर काढा आणि दुसरी लावा. वरची धातूची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली, की आवाजाची सगळी यंत्रणा हातात येते: दोन गोल खुंट्या, एक खटका आणि थोड्या वायरी. सोल्डरिंग येणाऱ्या कोणालाही ती समजते.

या सोपेपणातूनच बदल करण्याची परंपरा आली. एडी व्हॅन हेलन यांनी स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाच्या शरीरात गिब्सन गिटारीचा पिकअप बसवला. त्या जोडाजोडीच्या गिटारीचं नावच ‘फ्रँकेनस्टाइन’. लाकूड कोरायला त्यांना कोणत्या कारखान्याची परवानगी लागली नाही. वाद्य विकत घेतलं म्हणजे ते उघडण्याचा, बिघडवण्याचा आणि सुधारण्याचा हक्कही घेतला, हे सगळे धरूनच चालत होते.

आता डिजिटल काळाकडे येऊ. १९९५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीनं व्हीजी-८ आणलं. प्रत्येक तारेचा आवाज वेगळा उचलणारा पिकअप गिटारीवर लावायचा आणि शेजारच्या यंत्रानं त्यातून दुसऱ्या गिटारीचा आवाज गणितानं घडवायचा, अशी ती योजना होती. पुढे २००२-०३ च्या सुमारास अमेरिकेच्या लाइन ६ कंपनीनं व्हेरियाक्स आणली आणि हे गणित गिटारीच्या आतच बसवलं.

पहिल्या व्हेरियाक्सवर नेहमीचे पिकअप दिसतच नाहीत. गिटारीच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली पिझो स्फटिकाचा तुकडा असतो. अशा स्फटिकावर दाब पडला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्येच दाखवलं होतं. सहा तारांचे सहा वेगळे संकेत बोर्डावर जातात, त्यांचे आकडे होतात आणि प्रोसेसर त्यांवर निवडलेल्या गिटारीचा स्वभाव चढवतो. लाकडाचा घुमार, पिकअपची जागा, त्याची वेटोळी, सगळं हिशेबात. सोबतच्या ‘वर्कबेंच’ या सॉफ्टवेअरमध्ये तर पिकअप माउसनं सरकवता येई. व्हॅन हेलन यांना ज्यासाठी लाकूड कोरावं लागलं, ते काम इथे पडद्यावर होऊ लागलं.

तिच्या आवाजांत सतारही आहे. पण ती आपली सतार नव्हे. १९६७ च्या ‘कोरल’ नावाच्या अमेरिकी इलेक्ट्रिक सतारीची ती नक्कल आहे, आणि कोरलनं रुंद, सपाट घोडी लावून आपल्या जवारीची नक्कल केली होती. म्हणजे नकलेची नक्कल. मिरजेच्या सतारमेकरांना विचारा, तारांनी घोडीवर चरे पडले की जवारी बिघडते आणि घोडी घासून ती पुन्हा काढावी लागते. त्या वाद्यात दुरुस्ती आणि आवाज एकाच कारागिराच्या हातात असतात. मॉडेलिंग गिटारीतली सतार कधी चरत नाही. मात्र बोर्ड गेला, तर ती कोणत्याही कानसेनं परत येत नाही.

इथे मालकाची खरी परीक्षा सुरू होते. पहिल्या व्हेरियाक्सला वीज लागते: सहा पेन्सिल सेल, किंवा पायाशी ठेवायच्या डबीतून खास केबलनं येणारा पुरवठा. वीज नाही तर आवाज नाही. २०१० च्या जेम्स टायलर व्हेरियाक्समध्ये चुंबकी पिकअपही आले, त्यामुळे बॅटरी संपली तरी गिटार मुकी होत नाही. पण आता बॅटरी खास घडणीची झाली. पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, ही बॅटरी तिथे मिळत नाही.

तरी लोकांनी हात टेकले नाहीत. समजा, एक तार एकदम गप्प झाली. मग दोन शेजारच्या तारांच्या जोडण्यांची अदलाबदल करून पाहायची. मुकेपणा जोडणीबरोबर दुसऱ्या जागी सरकला, तर दोष पिझोत किंवा त्याच्या केसाएवढ्या वायरीत. तो होता तिथेच राहिला, तर दोष बोर्डात. पहिला दोष घरी निघू शकतो. दुसऱ्यासाठी बहुधा दुसरा बोर्डच शोधावा लागतो.

याहून धाडसाचं काम म्हणजे प्रत्यारोपण. अनेकांना व्हेरियाक्सचे आवाज आवडले, पण हातात धरायला ती आवडेना. मग त्यांनी बोर्ड, खटके आणि पिझोची घोडी काढून आपल्या जुन्या लाडक्या गिटारीत बसवली. त्यासाठी लाकूड कोरावं लागतं, तारांमधलं अंतर जुळवावं लागतं, आणि नीट आच्छादन केलं नाही तर गुणगुण ऐकू येते. या खटाटोपातून एक गोष्ट सिद्ध झाली. आवाजाचं गणित करता येतं, दांडीच्या स्पर्शाचं येत नाही. बोटांना जे कळतं ते लाकडातच राहिलं.

उलट बाजूही आहे. व्हेरियाक्स तारेचा स्वर न पिळता बदलू शकते. पण खोलीत तार मूळ स्वरातच वाजते आणि स्पीकरमधून वेगळा स्वर येतो. हळू वाजवलं तर वादकाला दोन्ही ऐकू येतात आणि कान गोंधळतो. शरीर आणि आवाज यांची फारकत म्हणतो ती इथे अक्षरशः ऐकू येते.

आता कळीचा प्रश्न. १९५२ ची टेलिकास्टर आज वाजवता येते, कारण तिचा कुठलाही भाग कोणीतरी नव्यानं करू शकतो. वेटोळं हातानं गुंडाळता येतं. प्रोसेसरमधला प्रोग्रॅम मात्र गुंडाळता येत नाही. तो कंपनीचा असतो. शिवाय संगणकाची कार्यप्रणाली पुढे गेली की जुनं सॉफ्टवेअर चालेनासं होतं, म्हणून काही मालक त्याच कामापुरता एक जुना लॅपटॉप जपून ठेवतात. मग आपण नेमकं काय विकत घेतलं? लाकूड, तारा आणि स्फटिक नक्कीच. आवाज मात्र कंपनी सांभाळील तोवरच आपला.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिनं चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. वाद्यं त्यात नाहीत. त्याचं आश्चर्य वाटायला नको, कारण वाद्य दुरुस्त होतंच, असं समाज शतकानुशतकं धरून चालला आहे. आता ते गृहीत धरता येणार नाही.

आमचं म्हणणं डिजिटल वाद्यांच्या विरोधात नाही. एका गिटारीत पंचवीस गिटारी मिळणं ही सामान्य वादकासाठी मोठी गोष्ट आहे, त्या सगळ्या विकत घेणं किती जणांना परवडणार? मागणी एवढीच, की कंपनीनं मॉडेल बंद करताना तीन गोष्टी खुल्या कराव्यात: सर्किटचा नकाशा, सुट्या भागांची मापं आणि जुनं सॉफ्टवेअर. हे मिळालं तर आजची मॉडेलिंग गिटार पन्नास वर्षांनीही कोणीतरी वाजवील. नाही मिळालं, तर ती संग्रहालयाच्या काचेमागे राहील, आणि तिचा आवाज कसा होता हे मुलांना ध्वनिमुद्रणावरून सांगावं लागेल.

आता आपले प्रश्न घेऊ.