मालवणची बेटे आणि प्रवाळ

मालवणची बेटे : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण शहरासमोरच्या उथळ समुद्रातील खडकाळ बेटांचा व खडपांचा समूह. सिंधुदुर्ग किल्ला ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट, त्याच्या जवळचा पद्मगड आणि भरतीत पाण्याखाली जाणारे अनेक खडक यांचा त्यात समावेश होतो. ही बेटे प्रवाळांनी बांधलेली नाहीत. ती मूळ खडकाची असून त्यांच्या पाण्याखालच्या उतारांवर जिवंत प्रवाळांची वसाहत आहे. महाराष्ट्रात किनाऱ्यावरून होडीने थोड्या वेळात पोहोचून प्रवाळ पाहता येतात अशा जागा फार थोड्या. त्यांत मालवणचे स्थान पहिले आहे.

कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याचा पाया घातला; बांधकाम १६६७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ४८ एकरांच्या या बेटाभोवती नागमोडी तटबंदी आहे. चारही बाजूंनी खारे पाणी असून आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. महाराजांचे शिवराजेश्वर मंदिरही येथेच आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्गाचा समावेश झाला. बहुतेक पर्यटक तटावरून समुद्र पाहून परततात. तटाच्या पायथ्याशी पाण्याखाली असलेल्या सजीवसृष्टीकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष जाते, आणि ही खेदाची गोष्ट आहे. मोठ्या ओहोटीला पद्मगडापर्यंत वाळूच्या पट्ट्यावरून चालत जाता येते. भरतीची वेळ स्थानिकांना विचारल्याशिवाय तसे करू नये.

प्रवाळ किंवा पोवळे हा वनस्पती वा दगड नसून सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक प्राणी आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा तयार करतो. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशात अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणून प्रवाळाला उबदार, स्वच्छ आणि प्रकाश खोलवर पोहोचेल असे पाणी लागते. कोकणात यातली ऊब आहे, पण पावसाळ्यात नद्या गाळ आणि गोडे पाणी समुद्रात आणून सोडतात. समुद्र महिनोन्‌महिने गढूळ राहतो, खारटपणा घटतो. त्यामुळे येथे लक्षद्वीपासारखी कंकणद्वीपे घडली नाहीत. जे प्रवाळ टिकले ते गाळ सोसणारे आहेत : गोलसर गोटे बनवणारे पोराइटीस, पानांच्या थरांसारखे वाढणारे टर्बिनारिया इत्यादी. पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद कासिम आणि वफार या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही मालवणच्या प्रवाळांचा अभ्यास केला आहे. प्रवाळांसोबत खडकांवर सरगॅसम या तपकिरी शैवालाची दाट वाढ होते आणि फुलपाखरू मासे, पोपट मासे, समुद्रकाकड्या व शंख-शिंपले येथे आसरा घेतात.

या परिसरातील २९.१२ चौ. किमी. क्षेत्र १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याच्या ३.१८ चौ. किमी. गाभाक्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड येतात. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) आणि लहान होड्यांवर जगणाऱ्या मच्छीमारांनी या घोषणेला सुरुवातीपासून विरोध केला. तो केवळ अडेलपणा म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण याच पाण्यावर त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका आहे. संरक्षण आणि उपजीविका यांची सांगड घालण्याचे काम अजून पुरे झालेले नाही. स्नॉर्केलिंग व स्कूबाच्या व्यवसायाने अनेक स्थानिक तरुणांना समुद्रातच दुसरे काम दिले. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे.

भेटीचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असा असतो. पाणी हिवाळ्यात सर्वांत नितळ असते. पावसाळ्यात किल्ल्याची प्रवासी होडी आणि जलक्रीडा बंद राहतात. अहिल्यानगरसारख्या समुद्र नसलेल्या जिल्ह्यातून येणाऱ्यांना पुणे–कोल्हापूरमार्गे घाट उतरून कणकवली व पुढे मालवण गाठता येते. मालवणात रेल्वे नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग आणि कणकवली ही जवळची स्थानके होत. देवबागजवळचे ‘सुनामी आयलंड’ याच सहलीत दाखवले जाते, पण तो कर्ली नदीच्या मुखाशी साचलेला वाळूचा पट्टा आहे. प्रवाळांशी त्याचा संबंध नाही.

उथळ पाण्यातील प्रवाळांना पायांनी मोठी इजा होते. दम लागला की नवखा माणूस सहज खाली उभा राहतो आणि कैक वर्षांची वाढ मोडते. होडीचे नांगर हे दुसरे कारण. माशांना जमवण्यासाठी पाव टाकण्याची पद्धतही घातक आहे, कारण तो त्यांचा आहार नव्हे. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. अशी विरंजनाची घटना मालवणलाही नोंदली गेली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळांना सर्वोच्च संरक्षण असल्याने तुकडा तोडणे, जवळ बाळगणे वा विकणे हा गुन्हा ठरतो.

महाराष्ट्रासमोर याहून कितीतरी समृद्ध प्रवाळक्षेत्र आहे ते आंग्रिया बँक. कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारे हे बुडालेले पठार विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किमी. असून त्याचा माथाही जवळपास २० मीटर खोल आहे. त्यामुळे सामान्य पर्यटकाला ते आवाक्याबाहेरचे ठरते. प्रवाळांनीच घडवलेल्या बेटांवर पाऊल ठेवायचे असल्यास लक्षद्वीपला जावे लागते. तेथे जाण्यासाठी प्रवेशपरवाना घ्यावा लागतो आणि कोचीहून जहाजाने किंवा अगत्तीपर्यंत विमानाने पोहोचता येते.