नव्वद फुटांची मोजपट्टी

१८८४ साली शिकागोच्या नेड विल्यमसनने एका हंगामात २७ होमरन मारले. हा विक्रम पुढे पस्तीस वर्षे टिकला. १९१९ मध्ये बेब रूथने २९ होमरन मारून तो मोडला. आकडेवारीच्या पुस्तकात एवढेच सापडते. पण त्याच पुस्तकातली मागची-पुढची पाने पाहिली की कोडे पडते. १८८३ मध्ये विल्यमसनचे होमरन होते २ आणि १८८५ मध्ये ३. मग मधल्या एकाच वर्षात त्याच्या मनगटात असे काय संचारले होते? याचे उत्तर मनगटात नाही, सुतारकामात आहे.

शिकागोचे लेक फ्रंट पार्क १८८३ च्या हंगामासाठी नव्याने बांधले गेले. खासगी कक्षांना पडदे, आत आरामखुर्च्या, प्रवेशद्वारावर बँडसाठी मंडप असा त्याचा थाट होता. जागा मात्र अगदी चिंचोळी. डावीकडचे कुंपण फलंदाजापासून जेमतेम १८० फुटांवर, उजवीकडचे १९६ फुटांवर. आज एवढ्या अंतरावर चेंडू शाळकरी मुलेही पोचवतील. म्हणूनच १८८३ मध्ये कुंपणापार गेलेल्या चेंडूला फक्त दोन बेस द्यायचे, म्हणजे ‘डबल’ धरायचे, असा तिथला नियम होता. त्या वर्षी विल्यमसनच्या नावावर ४९ डबल लागले. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि तोच फटका होमरन ठरू लागला. त्याच्या २७ पैकी २५ होमरन या घरच्या मैदानावरचे आहेत. आदल्या वर्षी संपूर्ण संघाचे १३ होमरन होते, ते एकदम १४२ झाले. ही जमीन केंद्र सरकारने शहराला देताना तिथे धंदा करायचा नाही अशी अट घातली होती. त्या अटीपायी १८८४ नंतर संघाला मैदान सोडावे लागले आणि होमरनचा पाऊसही थांबला.

क्रिकेटच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. बेसबॉलमध्ये आतला चौकोन अगदी काटेकोर असतो. एका बेसपासून दुसरा बेस बरोबर ९० फुटांवर, आणि हे माप १८५७ पासून बदललेले नाही. चौकोनाबाहेरचे मैदान मात्र शहराने जेवढी जागा शिल्लक ठेवली असेल तेवढे. मुंबईच्या आझाद मैदानावर एकमेकांत घुसलेले सामने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना जागेची ही ओढाताण वेगळी समजावून सांगायला नको. त्यात जमीन बहुधा भाडेपट्ट्याची. पट्टा संपला की निघायचे, तर दगडविटांवर पैसा कोण घालणार? त्यामुळे खांब, तुळया, फळ्या आणि खिळे यांवर भागवले जाई. गर्दी वाढली की आणखी एक स्टँड ठोकायचा, कुंपण पुढेमागे सरकवायचे. यातल्या बहुतेक फेरफारांचे नकाशे कोणी जपून ठेवले नाहीत. मग संशोधकाने ही मैदाने पुन्हा उभी करायची ती कशावरून?

सगळ्यांत भरवशाचा कागद आला तो आगीच्या भीतीतून. डॅनियल सॅनबॉर्नने १८६७ साली न्यूयॉर्कमध्ये विमा कंपन्यांसाठी शहरांचे नकाशे काढण्याचा व्यवसाय सुरू केला. एका इंचाला ५० फूट असे त्यांचे प्रमाण. लाकडी इमारत पिवळी, विटांची गुलाबी. कोणती इमारत पेटली तर आग शेजारी कुठे पसरेल, हे विमेवाल्याला एका नजरेत कळावे हा हेतू. त्यामुळे बेसबॉलच्या मैदानांचे स्टँडही या नकाशांवर पिवळ्या पट्ट्यांच्या रूपात उतरले. मात्र दोन अडचणी आहेत. एक म्हणजे इमारत बदलली की कंपनी नवा नकाशा न छापता जुन्यावर दुरुस्तीचे ठिगळ चिकटवत असे, त्यामुळे एकाच पानावर वेगवेगळ्या वर्षांचे बांधकाम शेजारी शेजारी नांदते. आणि दुसरी अशी की फलंदाज कुठे उभा राहतो याच्याशी विमेवाल्याला काही देणेघेणे नव्हते, म्हणून आतला चौकोन बहुधा दाखवलेलाच नसतो.

ही दुसरी अडचण किती फसवी ठरते ते सेंट लुइसच्या स्पोर्ट्समन्स पार्कवरून दिसते. तिथे होम प्लेट, म्हणजे फलंदाजाची जागा, वायव्य कोपऱ्यात होती. १९०९ मध्ये पोलाद-काँक्रीटचा नवा स्टँड नैर्ऋत्येला बांधला आणि सगळा खेळच त्या कोपऱ्याकडे वळवला. फलंदाजामागचा जुना लाकडी स्टँड पाडला नाही. तो आता डाव्या मैदानापलीकडचा स्वस्त स्टँड झाला. इमारत तीच, जागा तीच, पण मैदानाचे तोंड फिरलेले. केवळ स्टँड पाहून होम प्लेट गृहीत धरली, तर पुढची सगळी अंतरे चुकणार.

इथे छायाचित्र उपयोगी पडते. छायाचित्रात दोन बेस दिसत असले तर ९० फुटांची मोजपट्टी आयती हाती येते, आणि तिच्या आधाराने कुंपणापर्यंतचे अंतर काढता येते. वर्षाचा अंदाजही बांधता येतो. पिचरची जागा १८८१ पासून फलंदाजापासून ५० फुटांवर होती, ती १८९३ मध्ये ६० फूट ६ इंचांवर गेली. होम प्लेट आधी चौकोनी होती, १९०० पासून पंचकोनी झाली. अशा खुणांवरून चित्र कोणत्या काळातले ते ठरवून मगच नकाशाशी ताडायचे.

तरीही सामन्याच्या दिवशी मैदान कसे होते, हे नकाशा आणि छायाचित्र मिळूनही सांगतीलच असे नाही. तिकिटे जास्त विकली गेली की प्रेक्षकांना थेट मैदानात, दोराच्या मागे उभे करत. चेंडू त्या गर्दीत गेला तर किती बेस द्यायचे हे त्या दिवशीच ठरे. १९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये अशा फटक्याला तीन बेस देत होते. बॉस्टनने आठ सामन्यांत १६ ट्रिपल नोंदवले, त्यांत या दोराचा वाटा मोठा. हे कळते ते वर्तमानपत्रांतल्या सामन्याच्या वृत्तांतातून. मला वाटते, मैदानांच्या अभ्यासात सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे साधन तेच.

विमा कंपन्यांची भीती १८९४ च्या उन्हाळ्यात खरी ठरली. १५ मे रोजी बॉस्टनच्या साउथ एंड ग्राउंड्सवर सामना चालू असताना उजवीकडच्या स्टँडखाली आग लागली. बुरूजांसारखी टोके मिरवणारा तिथला दुमजली स्टँड तर गेलाच, पण आसपासच्या वस्तीतल्या दीडशेहून अधिक इमारतीही खाक झाल्या. ५ ऑगस्टला शिकागोत स्टँड पेटला, तेव्हा प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये काटेरी तारा होत्या. सुटकेसाठी धडपडणाऱ्यांना वाट करून द्यायला खेळाडूंना बॅटी घेऊन त्या तारांवर तुटून पडावे लागले. आराखड्यातली एक कुंपणाची रेघ माणसांच्या जिवावर कशी उठते, ते त्या दिवशी दिसले.

बॉस्टनच्या स्टँडचा विमा पुरेसा नव्हता. साहजिकच नवा स्टँड पहिल्यापेक्षा लहान आणि साधा झाला. तो होईपर्यंत संघ काँग्रेस स्ट्रीट ग्राउंड्सवर खेळला. तिथले डावे कुंपण होते २५० फुटांवर. ३० मे रोजी बॉबी लोने त्याच कुंपणावरून एका सामन्यात चार होमरन मारले. मेजर लीगमध्ये असे करणारा तो पहिलाच. पंधरा दिवसांपूर्वी आग लागली नसती, तर तो सामना त्या मैदानावर झालाच नसता.

१९०९ पासून पोलाद-काँक्रीट आले आणि लाकडी मैदाने झपाट्याने गेली. मेजर लीगमधले शेवटचे, सेंट लुइसचे रॉबिसन फील्ड, १९२० पर्यंत वापरात होते. बॉस्टनचे हंटिंग्टन अव्हेन्यू ग्राउंड्स, जिथे वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना झाला, ते १९११ नंतर बंद पडले. आज तिथे नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आहे. पिचरची जागा अंदाजाने शोधून तिथे १९९३ मध्ये साय यंगचा पुतळा बसवला आहे. चेंडू टाकण्याच्या तयारीत किंचित वाकलेला यंग समोर पाहतो आहे आणि त्याच्यापासून ६० फूट ६ इंचांवर, दोन इमारतींच्या मधल्या हिरवळीत, होम प्लेटची खूण आहे.