भीमथडीचीं तट्टें

महाराष्ट्रानें २०२३ सालीं जें गीत राज्यगीत म्हणून स्वीकारलें, त्यांत भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. शाळेंत मुलें तें गीत मोठ्या आवेशानें म्हणतात. परंतु एखाद्या मुलाला आपण विचारलें कीं, ‘बाबा, हीं तट्टें गेलीं कोठें?’ तर त्याला उत्तर देतां येणार नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर त्याच्या मास्तरालाही पुष्कळ वर्षें तें देतां आलें नसतें. त्या प्रश्नाचें उत्तर माझ्या अल्पमतीप्रमाणें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. त्या ओघांत इंग्रजी अमदानींतील घोड्यांची सरकारी पैदास आणि त्याच काळांत रूढ झालेले मैदानी खेळांचे दिवस, या दोन वरकरणीं असंबद्ध दिसणाऱ्या गोष्टींचें नातेंही आपल्या ध्यानांत येईल.

भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. हा मुलूख कोरडा. येथें निपजणारें घोडें लहानखुरें, दिसावयास फारसें देखणें नव्हे. पण काटक, लांबच्या मजलेला न थकणारें आणि थोड्या दाण्यावैरणीवर भागवून घेणारें. मराठ्यांच्या लष्करांत बारगीर व शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत, हें आपण जाणतांच. बारगिराला घोडा सरकारी पागेंतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचीं हत्यारें घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचें भांडवल, त्याची अब्रू आणि त्याच्या मुलाबाळांची भाकर. दारांतल्या घोडीला शिंगरूं झालें कीं घरांत मूल जन्मल्याइतकें कौतुक होई. घोड्याची निपज कोणी दफ्तरांत बसून ठरवीत नव्हतें. ज्याला उद्यां त्या घोड्यावर बसून लढाईस जावयाचें, तोच आज त्याच्या शिंगराला चंदी घालीत होता.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि हजारों स्वारांची चाकरी सुटली. कांहीं थोड्यांना इंग्रजांच्या रिसाल्यांत जागा मिळाली. १८१७ सालीं उभें राहिलेलें आणि पुढें ‘पूना हॉर्स’ या नांवानें गाजलेलें पथक दीर्घ काळ शिरूरास, म्हणजे आपल्या घोडनदीस, ठाणें देऊन होतें. स्वतःच्या घोड्यानिशीं चाकरी करण्याची शिलेदारी पद्धतही इंग्रजांनीं आपल्या कांहीं देशी रिसाल्यांत १९२१ पर्यंत चालूं ठेविली. परंतु अशा रिसाल्यांत मावणारे स्वार ते किती! बाकीच्यांनीं भाले आढ्याला लावले आणि नांगराची मूठ धरली. शिरूर तालुक्यांत ‘आलेगांव पागा’ नांवाचें एक गांव आहे. पागेचें नांव तेवढें उरलें.

आतां इंग्रजांचा उद्योग पाहूं. त्यांनाही घोडे हवेच होते. तोफा ओढावयास हवे होते, रिसाल्यांत हवे होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीनें बिहारांत पुसा येथें घोड्यांच्या पैदाशीचें मोठें ठाणें घातलें. १८०८ सालीं विल्यम मूरक्रॉफ्ट हा पशुवैद्य त्याचा मुख्य होऊन आला. हा गृहस्थ मोठा विलक्षण. फ्रान्सांत जाऊन त्यानें पशुवैद्यक शिकून घेतलें होतें. पुशास येतांच त्यानें घोड्यांच्या चाऱ्यासाठीं ओट नांवाच्या धान्याची लागवड सुरू केली, रोगांवर नजर ठेविली, निपज सुधारली. तरीही त्याचें समाधान होईना. उत्तम नर मध्य आशियांत, बुखाऱ्याच्या बाजारांत मिळतील, अशी त्याची ठाम समजूत झाली. १८१२ सालीं तो वेषांतर करून तिबेटांत मानससरोवरापर्यंत गेला. पुढें १८१९ सालीं पुन्हा निघाला तो लडाख, काश्मीर, काबूल अशी पायपीट करीत १८२५ सालीं बुखाऱ्यास पोंचला. हवे तसे आणि हवे तितके घोडे तेथेंही मिळाले नाहींत. परतीच्या वाटेवर त्याच वर्षीं अफगाणिस्तानांतील अंदखुई येथें त्याचा अंत झाला. त्याच्या धाडसाविषयीं कोणाच्याही मनांत आदरच उत्पन्न होईल. परंतु चांगला घोडा कोठें तरी दूर आहे आणि तो आणला कीं आपलें काम झालें, ही जी समजूत त्याची होती, तीच पुढें सबंध सरकारची होऊन बसली.

हीं मोठीं सरकारी ठाणीं फार खर्चाचीं पडतात असें आढळल्यावर १८७६ च्या सुमारास धोरण बदललें. सरकारी नर घोडे जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवावयाचे, रयतेच्या पसंत घोड्यांना डाग देऊन त्यांची नोंद करावयाची, त्यांना नर फुकट दाखवावयाचा आणि होणारीं शिंगरें लष्करानें विकत घ्यावयाचीं, अशी ही योजना. नर कोणते? इंग्लंडांतील शर्यतीच्या रक्ताचे, नॉरफोकचे दुडक्या चालीचे आणि अरबी. लोकांना उत्तेजन म्हणून घोड्यांचीं प्रदर्शनें भरूं लागलीं. मांडव घालावयाचा, साहेब लोकांनीं खुर्च्यांवर बसावयाचें, कुणब्यानें आपली घोडी फिरवून दाखवावयाची आणि पसंत पडल्यास बक्षीस घ्यावयाचें.

योजना कागदावर नामी होती. पण लहानखुऱ्या घोडीला थोराड विलायती नर दाखवून जें शिंगरूं होई, त्याला दाणा अधिक लागे आणि जपणूकही अधिक लागे. तशांत १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला. माणसांना अन्न नाहीं तेथें घोड्यांना चंदी कोण घालणार? १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली होती, तेव्हां लांबच्या मजलेला तट्टाची गरजही उरली नव्हती. शेवटीं लष्करानें आपले घोडे ऑस्ट्रेलियांतून जहाजांनीं आणविले. न्यू साउथ वेल्समधून येत म्हणून त्यांना ‘वेलर’ म्हणत.

पंजाबांत तर सरकारनें याहून कडक उपाय योजिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं झेलमच्या कालव्याखालीं नव्या जमिनी दिल्या, त्या घोडी पाळण्याच्या अटीवर. अशा जमीनधारकांना ‘घोडीपाल’ म्हणत. जमिनीचे तुकडे पडूं नयेत म्हणून ती वडील मुलाकडेच जावी असाही निर्बंध घातला. याचा परिणाम काय झाला? शेतकऱ्याचा जीव जमिनींत, घोडी केवळ तिचा खंड म्हणून दारांत. शिलेदाराच्या आणि घोडीपालाच्या दारांत घोडी सारखीच उभी होती. पण एकाची ती आपली होती, दुसऱ्याची ती अट होती. या एका भेदांत साऱ्या इतिहासाचें मर्म आहे असें मला वाटतें.

आतां खेळांकडे वळूं. ‘जिमखाना’ हा शब्द आज आपल्या इतक्या अंगवळणीं पडला आहे कीं तो परका वाटतच नाहीं. १८६१ च्या सुमारास तो रुडकीस प्रथम वापरांत आल्याचें सांगतात. गेंदखान्यावरून तो बनला असावा असा तर्क आहे. छावणीछावणींतून असे जिमखाने निघाले. तेथें खेळांचे दिवस होत. घोड्यांच्या शर्यती, भरधांव घोड्यावरून भाल्यानें जमिनींतील खुंटी उचलणें, धांवणें, उड्या. देशी स्वार त्यांत भाग घेत. बाकीचे लोक दोरीबाहेरून पाहत.

परंतु आमच्या खेड्यांना खेळांचा दिवस कोणी नव्यानें शिकविण्याची गरज नव्हती. त्यांची जत्रा होती. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा, नांदेडाकडील माळेगांवची खंडोबाची यात्रा, येथें घोड्यांचा बाजार आजही भरतो. पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत जत्रेच्या दिवशीं घाटांत बैलगाडे सुटतात, तेव्हां बैलांच्या पुढें एक घोडी धांवत असते, हें पुष्कळ शहरवासीयांस ठाऊक नसेल. २०१४ सालीं या शर्यतींवर न्यायालयाची बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरांत सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. जनावरांच्या हालांविषयींचे आक्षेप गंभीर आहेत आणि ते ऐकलेच पाहिजेत. मला सांगावयाचें तें इतकेंच कीं, सरकारी मांडवांतील प्रदर्शनें बंद पडलीं, आणि जत्रेंतली घोडी मात्र धांवत राहिली.

या दोन प्रवाहांचा संगम पुण्यास झाला. १९०६ सालीं डेक्कन जिमखाना स्थापन झाला. साहेबाचें नांव, पण संस्था आमची. १९१९ सालीं तेथील मैदानी सामन्यांस सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून उपस्थित होते. धांवणारे बहुतेक शेतांत राबणारे कुणब्यांचे मुलगे. पायांत जोडे नाहींत, खाणें बेताचें, शास्त्रोक्त शिक्षण तर मुळींच नाहीं. तरी लांब पल्ल्याच्या धांवेंत त्यांनीं जो वेळ दिला, तो युरोपांतील धांवपटूंच्या तोडीचा आहे, असें टाटांना दिसलें. त्यांनीं ही गोष्ट मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कानांवर घातली आणि खटपट करून १९२० सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचे खेळाडू पाठविले. बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवेंत तेथें एकोणिसावे आले. ज्या सरकारनें घोड्याच्या सात पिढ्यांची वंशावळ लिहून ठेविली, त्याच्या कोणत्याही वहींत या अनवाणी मुलांची नोंद नव्हती.

येथें दुसऱ्याला दोष देऊन मला मोकळें होतां येत नाहीं. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी भीमेकाठच्या एका खेड्यांतील शाळेवर होतों. वार्षिक खेळांचा दिवस होता. शाळेशेजारच्या रानांत धनगरांनीं मेंढ्या बसविल्या होत्या. त्यांचीं चार-पांच तट्टें झाडाखालीं उभीं होतीं. लांबची धांव सुरू झाली आणि त्या वाड्यांतला एक दहा-बारा वर्षांचा पोर चुन्याच्या रेघेबाहेरून आमच्या मुलांबरोबर धांवूं लागला. तो सर्वांच्या पुढें, चांगला वीस पावलें पुढें, येऊन पोंचला. नोंदवही माझ्या हातीं होती. मुलांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं म्हणालों, “त्याचें नांव हजेरीपटावर नाहीं.” दुसऱ्या आलेल्या मुलाला पहिलें बक्षीस मिळालें. तो पोर रागावला नाहीं. हसला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाडा हलला. तट्टांच्या पाठीवर बाडबिछाना, त्यावर कोंबड्या आणि कोंकरें, आणि पुढच्या तट्टाची दोरी धरून तोच मुलगा चालला होता. नियमानें मी चुकलों नव्हतों. परंतु त्याला पटावर घेण्याचा विचार त्या दिवशीं माझ्या मनांत आला नाहीं, ही चूक माझी; ती अजून मला टोंचते.

त्या तट्टांकडे तेव्हां मीं नीट पाहिलेंही नव्हतें. २०२३-२४ च्या सुमारास कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें भीमथडी घोड्याची भारतांतील एक स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. घोड्यांची ही आठवी जात. हे घोडे टिकले कोणाकडे? फिरस्त्या मेंढपाळांकडे, बिऱ्हाडाचें ओझें वाहत. शिलेदारानें सोडलेलें आणि सरकारनें खुजें ठरविलेलें हें जनावर धनगरानें दोनशें वर्षें सांभाळलें, कारण त्याला तें खरोखर हवें होतें.

तेव्हां श्रोतेहो, भीमथडीचीं तट्टें कोठें गेलीं या प्रश्नाचें उत्तर असें, कीं तीं कोठेंच गेलीं नव्हतीं. दिवाळीनंतर पुण्याच्या आसपासच्या रस्त्यांवरून मेंढ्यांचे कळप जातांना आपल्या मोटारीस क्षणभर थांबावें लागतें. त्या वेळीं हॉर्न न वाजवितां कळपामागून चालणाऱ्या त्या ठेंगण्या घोड्यांकडे जरा पाहावें, आणि दोरी धरलेलें मूल असेल तर तें कोणत्या शाळेंत जातें, हें अवश्य विचारावें.