राखणीचा खर्च

रेग्युलेटर विजेचा दाब राखतो, पण त्या राखणीसाठी त्याला स्वतःलाही वीज लागते. हा खर्च मायक्रोकंट्रोलरच्या पोटात कसा शिरला, त्याची ही कुळकथा.

१९७० च्या सुमारास नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये बॉब विडलर यांनी ‘एलएम१०९’ हा तीन पायांचा, ५ व्होल्टचा रेग्युलेटर घडवला. आतले बँडगॅप सर्किट तुलनेसाठी स्थिर दाब देई. बाहेर जाणारा दाब त्याच्याशी अखंड ताडून पाहायचा आणि फरक दिसताच मुख्य ट्रान्झिस्टर आवळायचा किंवा सैल सोडायचा, हे त्याचे काम. ही ताडणी थांबवता येत नसे, आणि तिच्यापायी ५ मिलिअँपिअरच्या आसपास करंट जाई. पुढे घराघरांत पोचलेल्या ‘७८०५’ या रेग्युलेटरची भूकही साधारण तेवढीच. यंत्र भिंतीतल्या सॉकेटवर चालायचे, तोवर ती कोणाला जाणवली नाही.

दरम्यान ट्रान्झिस्टर आकसत होते. आकार घटवाल तसा दाबही घटवा, हे सूत्र आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये मांडले. ०.१८ मायक्रॉनच्या ट्रान्झिस्टरला १.८ व्होल्ट पुरतात; जास्त दिले तर गेटखालचा ऑक्साइडचा पातळ थर टिकत नाही. बोर्डावरच्या इतर चिप मात्र ३.३ व्होल्टवरच राहिल्या. मग दाब उतरवणारा रेग्युलेटर मायक्रोकंट्रोलरच्या आत आला. ३.३ वरून १.८ वर उतरताना जवळपास ४५ टक्के ऊर्जा उष्णता होऊन जाते, ती वेगळीच.

बॅटरीवरच्या यंत्रात चिप बहुतेक वेळ झोपलेली असते आणि तेव्हा ही राखणच महाग पडते. २००७ मध्ये आलेल्या ‘एसटीएम३२एफ१०३’ या मायक्रोकंट्रोलरने म्हणून रेग्युलेटरला तीन अवस्था दिल्या. स्टॉप मोड या झोपेत तो पूर्ण जागा असेल तर चिप साधारण २४ मायक्रोअँपिअर घेते. तो मंद केला तर १४. कमी करंटवर ताडणी संथ होते, त्यामुळे जागे व्हायला ३.६ ऐवजी ५.४ मायक्रोसेकंद लागतात. स्टँडबाय या आणखी गाढ झोपेत रेग्युलेटर बंदच होतो आणि खर्च २ वर येतो, पण रॅममधले सगळे पुसले जाते.

२२० मिलिअँपिअर-तासांच्या नाणेसेलवर, केवळ झोपेचा हिशेब धरला, तर २४ मायक्रोअँपिअरला वर्षभर मिळते, १४ ला पावणेदोन वर्षे, आणि २ ला कागदोपत्री बारा. त्यामुळे डिझायनर आधी ठरवतो, उठल्यावर चिपला काय आठवायला हवे. रेग्युलेटरची अवस्था त्यानंतर ठरते.