विलेपार्ले विधानसभा पोटनिवडणूक, १९८७

महाराष्ट्र विधानसभेच्या मुंबईतील विलेपार्ले मतदारसंघात १३ डिसेंबर १९८७ रोजी झालेली पोटनिवडणूक. शिवसेनेचे उमेदवार डॉ. रमेश यशवंत प्रभू विजयी झाले. काँग्रेसचे प्रभाकर काशिनाथ कुंटे यांनी या निकालाला न्यायालयात आव्हान दिले. त्यातून उभा राहिलेला ‘रमेश यशवंत प्रभू विरुद्ध प्रभाकर काशिनाथ कुंटे’ हा खटला ‘हिंदुत्व निकाल’ म्हणून ओळखला जातो. धर्माच्या नावाने मते मागण्याबाबत देशभर जी कायदेशीर चर्चा पुढे तीन दशके चालली, तिचे एक मूळ एका उपनगरातल्या या एका जागेच्या प्रचारात आहे.

पार्श्वभूमी : १९६६ मध्ये स्थापन झालेली शिवसेना पहिली दोन दशके मुख्यतः मराठी माणसाच्या नोकरीच्या आणि हक्काच्या प्रश्नावर वाढली. १९८५ मध्ये तिने मुंबई महानगरपालिका जिंकली, पण विधानसभेत त्याच वर्षी तिचा एकच आमदार निवडून आला : माझगावचे छगन भुजबळ. पालिकेबाहेर पाय रोवायचे तर मराठीच्या मुद्द्याला जोड हवी होती. शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी ती हिंदुत्वात शोधली आणि पार्ल्याच्या मैदानात उघडपणे वापरून पाहिली.

जागाही तशी सोयीची होती. लोकमान्य सेवा संघ, पार्ले टिळक विद्यालय अशा संस्थांभोवती वाढलेला पूर्वेकडचा मराठी मध्यमवर्ग आणि पश्चिमेकडची मोठी गुजराती वस्ती असा हा भाग. निव्वळ मराठीपणाच्या हाकेला रेल्वे रुळांच्या एकाच बाजूने प्रतिसाद मिळाला असता.

उमेदवार आणि प्रचार : डॉ. प्रभू हे पार्ल्यातले परिचित नाव. १९८७-८८ या वर्षी ते मुंबईचे महापौरही होते. प्रचाराची सूत्रे मात्र ठाकरे यांच्या हाती होती. २९ नोव्हेंबरला पार्ल्यात शाखेसमोर, ९ डिसेंबरला खारदांडा येथे आणि १० डिसेंबरला विलेपार्ले पूर्वेला अशी त्यांची तीन भाषणे झाली. पुढे न्यायालयात तपासली गेली ती हीच. हिंदूंनी हिंदू म्हणून मतदान करावे, हा त्यांचा रोख होता. मुस्लिमांविषयीची भाषाही तितकीच जहाल होती.

यातली एक गंमत आज अनेकांच्या लक्षात नसते. पुढे हिंदुत्वाच्या मुद्द्यावर शिवसेनेशी युती करणाऱ्या भारतीय जनता पक्षाने या पोटनिवडणुकीत जनता पक्षाचे प्राणलाल व्होरा यांना पाठिंबा दिला होता. १४ डिसेंबरला निकाल लागला आणि प्रभू निवडून आले. १९८९ मध्ये दोन्ही पक्षांची युती झाली. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेने ५२, तर भाजपने ४२ जागा मिळवल्या.

निवडणूक याचिका : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ मध्ये ‘भ्रष्ट आचरणां’ची यादी आहे. पोटकलम (३) धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मते मागण्याला मनाई करते, तर (३क) या आधारांवर नागरिकांच्या गटांत वैर वा द्वेष पसरवण्याला. ही कृती उमेदवाराने स्वतः करावी असे नाही. त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी केली, तरी निवडणूक रद्द होऊ शकते. कुंटे यांची याचिका या तरतुदींवर उभी होती. भाषणे ठाकरे यांची असल्याने त्यांनाही कलम ९९ खाली नोटीस निघाली.

मुंबई उच्च न्यायालयाने ७ एप्रिल १९८९ रोजी प्रभू यांची निवड रद्द ठरवली. त्याविरुद्ध प्रभू आणि ठाकरे या दोघांनी अपिले केली. ती निकाली निघेपर्यंत विधानसभेच्या दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या आणि राज्यात युतीचे सरकारही आले. ज्या जागेवरून वाद होता, तिची मुदत केव्हाच संपली होती.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल : न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ११ डिसेंबर १९९५ रोजी दोन्ही अपिले फेटाळली. तिन्ही भाषणे कायद्याच्या कचाट्यात सापडतात आणि पक्षाच्या सर्वोच्च नेत्याच्या या प्रचाराला उमेदवाराची संमती होती, असे पीठाने मानले. ‘हिंदुत्व’ या शब्दाचा नुसता उच्चार म्हणजे धर्माच्या आधारे मतयाचना नव्हे, असेही त्याच निकालात म्हटले. हा शब्द भारतीय लोकांच्या जीवनपद्धतीचा निदर्शकही असू शकतो. भाषणात तो कोणत्या अर्थाने आला, हे प्रत्येक वेळी पुराव्यावरून ठरवावे, अशी ही भूमिका होती. त्यामुळे खटला हरलेल्या पक्षाच्या समर्थकांना निकालातले एक विधान हाताशी आले. टीकाकारांनी नेमक्या त्याच विधानावर बोट ठेवले.

याच दिवशी दुसऱ्या एका निकालात, तेव्हा मुख्यमंत्री असलेले मनोहर जोशी यांची १९९० मधील दादरची निवड मात्र वैध ठरली. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, हे त्यांचे प्रचारातले विधान निंद्य असले तरी ती एक आशा आहे, धर्माच्या नावाने केलेली मतयाचना नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

परिणाम : भ्रष्ट आचरण सिद्ध झालेल्या व्यक्तीला किती काळ अपात्र ठरवायचे, हे निवडणूक आयोगाच्या मतानुसार राष्ट्रपती ठरवतात. कमाल मर्यादा सहा वर्षांची. जुलै १९९९ मध्ये ठाकरे यांचा मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. आयुष्यात एकही निवडणूक न लढवलेल्या नेत्याला खरा फटका बसला तो मताधिकाराचा.

कायद्याचा प्रश्न तेवढ्यावर मिटला नाही. कलम १२३(३) मधला धर्म फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही, याबाबत मतभेद राहिले. १९९० च्या सांताक्रूझमधील निवडणुकीवरून उद्भवलेल्या ‘अभिराम सिंह विरुद्ध सी. डी. कॉमाचेन’ या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ रोजी ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने व्यापक अर्थ स्वीकारला : उमेदवार, त्याचा प्रतिस्पर्धी वा मतदार, यांपैकी कोणाच्याही धर्माच्या किंवा जातीच्या आधारे मत मागणे हे भ्रष्ट आचरणच. १९९५ च्या निकालातील हिंदुत्वाच्या व्याख्येचा फेरविचार करण्यास मात्र या पीठाने सुनावणीच्या सुरुवातीलाच नकार दिला होता. डॉ. प्रभू यांचे २०१६ मध्ये निधन झाले. विलेपार्ल्यातील प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुलाचे संस्थापक म्हणून पार्लेकर त्यांना ओळखतात.